शून्य आणि पाच

ऑफिसात तिला सगळे 'चाळणी' म्हणत, आणि ते तिला चांगलं माहीत होतं. राग येणं दूरच, मनातून तिला त्याचा अभिमान होता. सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत, 'संशोधन विश्लेषक' अशा पाटीमागे ती सतरा वर्षं बसत होती. अन्वेषक घरोघर फिरून फॉर्म भरून आणायचे, ते तिच्या टेबलावर यायचे, आणि त्यातलं खरं किती नि बनावट किती हे ठरल्याशिवाय ती एक आकडा तक्त्यात जाऊ द्यायची नाही. स्वभाव ऑफिसच्या खुंटीला टांगून माणूस घरी जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिच्या नवऱ्याला विचारावं. तो पायी फिरून आलो म्हणाला, की ती आधी त्याच्या बुटांचे तळ बघायची. मुलगी अभ्यास झाला म्हणाली, की वहीतल्या शाईवर बोट फिरवायची. "आई, तू माझ्या जन्मदाखल्यावर तरी विश्वास ठेवतेस का गं?" असं मुलीने एकदा वैतागून विचारलं, तेव्हा "दाखला दिलाय कोणी त्यावर आहे" असं उत्तर तिने अगदी गंभीरपणे दिलं होतं.

त्या सोमवारी तिच्या मनात पाल चुकचुकली ती कासवाच्या फॉर्मवरून.

अन्वेषक एकूण अकरा, सगळे वर्षावर्षाच्या कंत्राटावर. वर्षाअखेरीला चाळणी प्रत्येकाच्या नावापुढे एक शेरा लिहायची. 'माहिती विश्वासार्ह' लिहिलं की पुढचं वर्ष पक्कं, 'माहिती संशयास्पद' लिहिलं की घरी बसा. शुक्रवारी यादी साहेबांकडे पक्की व्हायची. कासव या अकरांतला सगळ्यांत म्हातारा, बावन्न वर्षांचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा आणि घरात मिळवता एकटाच. या वयात त्याला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे तोही जाणून होता. बाकीचे दिवसाला आठ घरं उरकायचे, हा रडतखडत तीन. म्हणून कासव. सगळ्यांत चपळ होता तो 'बाण'. त्याचे फॉर्म वेळेआधी, स्वच्छ अक्षरात, एकही रकाना रिकामा नाही, आणि वर "झालं मॅडम!" असं हसून सांगणं. बाणाचे फॉर्म ती नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवायची.

चाळणीची परीक्षा साधी होती. लोकांना आपलं वय नेमकं माहीत नसतं. विचारलं की माणूस गोल आकडा सांगतो, चाळीस लिहा, पंचेचाळीस लिहा, साठ झाली असतील. हिशेबाने बघायला गेलं तर शंभर माणसांत शून्याने किंवा पाचाने संपणारी वयं वीसच निघायला हवीत. पण खरोखर दारात उभं राहून विचारलेल्या फॉर्ममध्ये ती चाळीसच्या आसपास निघतात. जो घरी पंख्याखाली बसून मनाची वयं लिहितो तो गोल आकडे टाळतो, कारण ते त्याला स्वतःलाच खोटे वाटतात. दहाजणांचे आकडे चाळीसच्या आगेमागे होते. कासवाचे एकवीस. आजवर त्याच्याकडे दुकानांची मोजणी असायची, घरं त्याला यंदाच मिळाली होती. सदतीस, त्रेचाळीस, बावन्न, एकसष्ट, अशी चोख वयं, शंभर घरांत. खरी माहिती इतकी खरी कधी असत नाही, असा तिचा सतरा वर्षांचा अनुभव होता.

तिने त्याला बोलावून घेतलं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"तुमच्या भागात चाळीस वर्षांची माणसंच नाहीत का हो?"

"आहेत की मॅडम. तीन आहेत."

"बाणाच्या तेवढ्याच घरांत एकोणीस आहेत."

"त्याच्या घरांत असतील."

"आणि एक्केचाळीसची चार, बेचाळीसची पाच? लोक असं वय सांगतात?"

"नाही सांगत."

"मग?"

"मग काढावं लागतं."

"काढावं लागतं म्हणजे? दाखले बघितलेत?"

"बऱ्याच घरी दाखले नसतात."

"मग कशावरून लिहिलंत?"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत चढवला. "सांगायला गेलो तर लांबेल मॅडम. तुमच्याकडे वेळ नसेल."

ताकास तूर लागू न देण्याची ही तऱ्हा तिला नवऱ्याकडून पाठ झाली होती. तिने त्याला जायला सांगितलं आणि त्याच दुपारी 'संशयास्पद' असा शेरा लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांना आनंदच झाला. "सुटलो बुवा एकदाचे. तो माणूस एका घरात राहायलाच जातो की काय असं मला वाटायचं. फक्त मॅडम, उद्या त्याने तक्रार केली तर हातात काहीतरी पुरावा असू द्या." पुरावा आणायचं साहेबांनी सांगितलं नसतं तरी ती गेलीच असती. पकडलेला माणूस पकडला गेलाय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

बुधवारी कासवाच्या यादीतली तीन घरं निवडून ती बस आगारामागच्या गल्लीत शिरली. पहिल्या घराला कुलूप होतं. कडीवर धूळ नव्हती, हे तिने बघून घेतलं. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला.

"इथे कोण राहतं?" तिने विचारलं.

"कोणी राहत नाही," आतून बाईचा आवाज आला, आणि खिडकी धाडकन लागली.

फॉर्मवर त्या घरात पाच माणसं होती. चाळणीने घड्याळ बघून वेळ टिपून घेतली. सापडला, असं ती स्वतःशीच पुटपुटलीसुद्धा. ती जिना उतरू लागली तर मागून तीच बाई धावत आली. "अहो, तुम्ही त्या चष्मेवाल्यांच्या ऑफिसातल्या का? मोजणीचे कागद दिसले हातात. मग आधी नाही का सांगायचं! मला वाटलं, त्यांच्या पोरीच्या सासरकडून कोणी चौकशीला आलंय. कामावर गेलीत सगळी, पाचनंतर भेटतील." चाळणीने आधीची नोंद खोडली, पण नाराजीनेच.

दुसऱ्या घरी दार उघडलं ते भाजी चिरता चिरता उठलेल्या एका बाईने. कासवाच्या फॉर्ममध्ये तिचं वय त्रेचाळीस होतं.

"माहिती घ्यायला कोणी आलं होतं?"

"आले होते की. आले ते उठेचनात! दोन्ही वेळची भाजी चिरून झाली माझी."

"वय काय सांगितलंत?"

"चाळीस. तर म्हणाले, चाळीस कशावरून? आता वयाला का कशावरून असतं? मग लागले मागे. लग्न कितव्या वर्षी झालं? म्हटलं विसाव्या. ते नक्की का? म्हटलं नक्की, वडील त्याच वर्षी गेले. थोरली किती वर्षांनी झाली? म्हटलं दोन. थोरलीचा शाळेचा दाखला आणा. आणला. ती एकवीस पुरी. मग बोटं मोजून म्हणाले, ताई, तुम्ही त्रेचाळीसच्या. तीन वर्षं गेली ना माझी फुकट!" असं म्हणून ती स्वतःच खळखळून हसली.

चाळणी हसली नाही. शिकवून ठेवलं असेल, असं तिला वाटलं. दोन दिवसांपूर्वीच तिने कासवाला जाब विचारला होता, तेवढ्या वेळात तो शंभर घरं पढवून येऊ शकत नव्हता, पण चार-पाच घरं कशावरून नाहीत? तिने सुनेला बाहेर थांबायला सांगितलं आणि आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या सासूबाईंना एकटीनेच गाठलं.

"आजी, वय किती तुमचं?"

"एकाहत्तर," आजी फटकन म्हणाल्या.

"एवढं नक्की कसं माहीत?"

"महिन्यापूर्वी कुठे माहीत होतं? सूनबाईने मला पंचाहत्तरची करून टाकलं होतं. त्या मास्तरांनी विचारलं, लहानपणीचं काही मोठं आठवतं का. म्हटलं जुना पूल वाहून गेला, तेव्हा मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बघायला गेले होते. तर म्हणाले, भावाचा दाखला आहे? त्याचा आहे, तो नोकरीत होता, त्रेसष्ट वर्षांचा आहे तो. तुमच्यात अंतर किती? आठ वर्षं, कारण मधली दोन गेली." आजींनी पदर सारखा केला. "त्या दोघांचंही त्यांनी विचारलं बाई. किती दिवसांची होती, कशाने गेली. आजवर कोणी विचारलं नव्हतं."

ते असं कोणी पढवू शकत नाही. चाळणीला ते लगेच कळलं, तरी ती तिसऱ्या घरी गेली. तिथेही तेच. दोन तास, दाखले, बोटांवरची मोजणी. तिथल्या म्हाताऱ्याने तर कासव परत कधी येणार असं विचारलं. जिना उतरताना तिची तिलाच लाज वाटली. एवढं काम करणारा माणूस आपल्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि आपण त्याला बोलू दिलं नाही.

दुसरी कोणी असती तर तिथून सरळ घरी गेली असती. पण चाळणीचं डोकं एकदा चालू झालं की थांबत नसे. बाणाचे चाळीस आणि कासवाचे एकवीस, गल्ल्या एकमेकींना चिकटलेल्या आणि माणसं सारखीच. बाण घाईत असेल, लोक सांगतील ते लिहीत असेल, यात गैर काही नाही, असं तिने स्वतःला समजावलं आणि तरीही ती पलीकडच्या गल्लीत वळली. नमुन्याचे म्हणून बाणाचे फॉर्म तिच्या पिशवीत होतेच. बाणाचा चौदा नंबर म्हणजे सहा माणसांचं कुटुंब, कर्ता पंचेचाळीसचा, बायको चाळीसची. चौदा नंबरला शिंप्याचं दुकान निघालं.

"वर राहतं का कोणी?"

"वर पत्रा आहे," शिंपी मशीन न थांबवता म्हणाला. "नऊ वर्षं दुकान आहे इथे. का हो?"

सतरा नंबरला पाचजणांऐवजी एक निवृत्त पोस्टमन एकटाच राहत होता. बावीस नंबरला कुटुंब होतं, पण त्यांच्याकडे कोणी फिरकलंच नव्हतं. "आमच्याकडे तर कोणी पाणी मागायलाही येत नाही," घरधनीण म्हणाली.

गुरुवारी सकाळी बाण हसत हसत आत आला. तिने दार लावलं आणि तीन फॉर्म त्याच्यापुढे ठेवले. आधी तो म्हणाला नंबर चुकला असेल. मग म्हणाला, शिंपी खोटं बोलतोय. तिने पोस्टमनच्या घराचा फॉर्म पुढे केला तेव्हा त्याचं हसू उतरलं.

"मॅडम, दिवसाला आठ घरं. तुम्ही कधी केलीत?"

"ते नंतर. तुमची वयं माझ्या परीक्षेत बरोबर कशी बसतात ते सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हिला खरंच कळत नाहीये, की ही माझी मजा बघतेय, हेच त्याला उमजेना. "तुम्हीच शिकवलंत की. तीन वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणात. खोटा फॉर्म कसा ओळखायचा ते तुम्ही फळ्यावर लिहिलंत, शंभरात चाळीस. आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतलं. तेव्हापासून फॉर्म भरून झाले की मोजतो. चाळीसला कमी पडले तर दोन-चार चाळीस-पन्नासचे घालतो."

"सगळ्यांनी म्हणजे?"

"कासव सोडून सगळ्यांनी."

"ते नव्हते त्या दिवशी?"

"होते की. मागच्या बाकावर. त्यांनी उभं राहून विचारलंसुद्धा, माणसाला वय माहीत नसेल तर खरं वय काढायचं कसं. तुम्ही म्हणालात तो आजचा विषय नाही, बसा."

तिला ते अजिबात आठवत नव्हतं. म्हणूनच ते खरं असणार असं तिला वाटलं.

बाण गेल्यावर तिने कपाटातून जुने तक्ते काढले. प्रशिक्षणाच्या आदल्या वर्षी दहाजणांचे आकडे सत्तावीस, शेहेचाळीस, तेहतीस, कसेही विखुरलेले होते. त्यानंतर मात्र एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, चाळीस, चाळीस. दहा माणसं, दहा वेगवेगळ्या वस्त्या आणि सगळ्यांचं उत्तर तिच्या फळ्यावरचं. प्रशिक्षणानंतरच्या पहिल्या तक्त्याच्या समासात तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'लक्षणीय सुधारणा.' नवऱ्याच्या बुटांचे तळ बघणाऱ्या बाईला हे दिसलं नव्हतं, कारण ते तिच्याशी जुळत होतं. या तक्त्यांवरून कुठे दवाखाना हवा आणि कुठे शाळा ते ठरत होतं, तीन वर्षं, आणि खाली सही तिची होती.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून खोलीचं दार लावलं.

"अहवाल कालच छापखान्यात गेलाय, मॅडम."

"थांबवता येईल."

"थांबवला तर कारण द्यावं लागेल. मग मागची दोन वर्षंही उकरली जातील. त्यावर तुमचीही सही आहे आणि माझीही." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, त्या कासवावर अन्याय नको, हे मला पटलं. त्याचा शेरा बदलून द्या, मी आत्ता घेतो. बाकीचे आहेत तसे राहू द्यात. पुढच्या वर्षीपासून तुम्ही दुसरी काहीतरी परीक्षा काढा, आणि या वेळी फळ्यावर लिहू नका."

खोटं कशाला सांगायचं, ऐकून तिला हायसं वाटलं. निरपराध माणूस वाचत होता, आपणही वाचत होतो. तिने तिथेच उभ्याने शेरा बदलला, 'विश्वासार्ह' लिहिलं आणि बाहेर आली.

कासव उपाहारगृहात कोपऱ्यात चहा घेत बसला होता. ती समोर बसताच तो घाईघाईने उठू लागला, तिने त्याला खुणेनेच बसवलं.

"मी गेले होते तुमच्या घरांना. तुमचा शेरा बदललाय. पुढचं वर्ष पक्कं आहे तुमचं."

त्याने कप खाली ठेवला. "घरी सांगितलं नव्हतं अजून," तो म्हणाला. "बरं झालं. फार बरं झालं, मॅडम."

"माझी चूक झाली. मी तुमचं पुरतं ऐकून घ्यायला हवं होतं."

"असू दे हो." मग त्याने विचारलं, "आणि बाकीच्यांचं?"

त्याला सगळं माहीत होतं तर. तिने कपाकडे बघत सांगितलं, "ते जातील आहे तसेच. अहवाल छापखान्यात गेलाय."

"म्हणजे माझी घरं त्यांच्यात मिसळणार."

"हो."

"मिसळल्यावर माझी कुठली, त्यांची कुठली, कळायचं नाही."

"नाही कळणार."

"मग मॅडम, मला काढलं असतंत तरी तक्त्याला काय फरक पडला असता? मी आपला उगाच लोकांच्या घरी दोन-दोन तास बसलो. नसत्या आठवणी काढायला लावल्या त्यांना."

तो रागाने बोलला असता तर तिने रागाने उत्तर दिलं असतं. पण तो खरंच विचारत होता. ती उठली, आपल्या खोलीत गेली आणि कागद पुढे ओढून एका बैठकीत टिपण लिहून काढलं. शिंप्याचं दुकान, पोस्टमन, बावीस नंबर, फळ्यावरचे चाळीस, तीन वर्षांचे तक्ते. अकरापैकी एकाचीच माहिती वापरण्यासारखी आहे, अहवाल थांबवावा. खाली 'ज्यांचं काम पुन्हा तपासावं लागेल' असा मथळा देऊन दहा नावं क्रमांक घालून ओळीने लिहिली.

साहेबांनी ते उभ्यानेच वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"आपलं ठरलं होतं ना?"

"हो. तेव्हा मला बरं वाटलं होतं."

"सही करायच्या आधी घरी विचारा. सतरा वर्षं झालीत तुमची. हे वरती गेलं की पहिला प्रश्न काय येईल ठाऊक आहे? हे दहाजण इतकी वर्षं पास कोणी केले?"

ते तिला ठाऊक होतं, आणि तिला भीतीही वाटत होती. घर डोळ्यांसमोर आलं, मुलीची पुढच्या वर्षीची कॉलेजची फी आली, लोक जिन्यावर काय बोलतील तेही आलं. तिने कागदासाठी हात पुढे केला. ती तो फाडणार असं साहेबांना वाटलं असावं, कारण त्यांनी पायानेच केराची टोपली तिच्याकडे सरकवली. ती खुर्ची ओढून त्यांच्याच टेबलाशी बसली. नावांच्या यादीवर, मथळा आणि पहिलं नाव यांच्यामध्ये थोडी जागा होती. तिथे तिने एकचा आकडा घालून स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'संशोधन विश्लेषक' असा हुद्दा लिहिला, खालच्या दहाही नावांचे क्रमांक एकेकाने वाढवले आणि सही केली.